बुधवारची तारीख

एचआयव्ही कशाने पसरत नाही, हे एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षातल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा. हात मिळवून नाही, एका ताटात जेवून नाही, डास चावून नाही, एकच संडास वापरून नाही. मायक्रोबायोलॉजीच्या वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हा प्रश्न आला की जीव भांड्यात पडतो, कारण हे उत्तर कुणाचंच चुकत नाही. १ डिसेंबरला आम्ही छातीवर लाल रिबन लावतो, पोस्टर रंगवतो, चौकात पथनाट्य करतो. एका वर्षी मीही त्यात होते. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर एसटीची वाट बघत उभी असलेली माणसं थांबून बघत होती, आणि आम्ही त्यांना घसा फोडून सांगत होतो की भेदभाव करू नका.

मग मेडिसिनचं पोस्टिंग लागलं आणि वॉर्डात मी दुसरंच काही शिकू लागले. ते तोंडाने कुणी शिकवत नाही. एचआयव्ही असलेल्यांच्या केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने काढलेली खूण शिकवते. वॉर्डाच्या अगदी टोकाला, बाथरूमच्या दाराशी दिलेली खाट शिकवते. नुसतं बीपी बघायचं असतं, तरी हातमोज्यांवर हातमोजे चढतात. राउंड बाकीच्या खाटांपाशी उशाजवळ थांबतो, इथे पायथ्याशी, आणि आवाज एकदम खाली येतो. रक्त घ्यायची वेळ आली की रेसिडेंट इंटर्नकडे बघतो, इंटर्न आमच्याकडे. ऑपरेशनच्या यादीत नाव सगळ्यात शेवटी जातं, मग बाई पहाटेपासून उपाशी असली तरी. जेवण वाढणारे मामा इतरांशी दोन शब्द बोलतात, इथे ताट ठेवून निघून जातात.

यात दुष्ट म्हणावं असं कुणीच नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तीच सिस्टर रात्री तीनला दुसऱ्या खाटेवरच्या आजींचे पाय दाबून देताना मी पाहिली आहे. सगळे दमलेले, सगळे आपापल्या परीने चांगले. आणि पथनाट्यात होते तेही यात होतेच. माहिती कमी म्हणून कलंक टिकून राहतो, असं आम्हाला शिकवलं जातं. पण माहितीत पैकीच्या पैकी मार्क मिळवलेल्यांच्या हातात तो मी बघत होते. बघून बघून हात शिकतात. सुई कशी धरायची ते जसं शिकतात, तसंच कुणापासून किती अंतर ठेवायचं तेही.

त्या अंतराला शास्त्राचा आधार असता तर मी गप्प बसले असते. बाधित रक्ताची सुई टोचून एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तिघांना. हिपॅटायटिस सीची, जुन्या अंदाजांनुसार, २ टक्क्यांच्या आसपास. आणि हिपॅटायटिस बीची, लस घेतलेली नसेल तर, ३० टक्क्यांपर्यंत. लस आम्ही घेतो हे खरं. पण सफाई करणाऱ्या मावशींनी ती घेतली आहे का, हे विचारताना मी क्वचितच कुणाला ऐकलं. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाकडे बघून कुणी कुजबुजत नाही, त्याला हा आजार ‘कुठून’ झाला हेही कुणी विचारत नाही, कारण त्या आजाराला लोकांनी चारित्र्याची गोष्ट जोडलेली नाही. आमच्या भीतीचा मोठा हिस्सा विषाणूपेक्षा त्या गोष्टीतून येतो.

शिवाय नियम साधा आहे: प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्यच आहे असं धरून काम करा. कारण विंडो पिरियडमध्ये, म्हणजे लागण झाल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात, टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, आणि कॅज्युअल्टीत रक्ताने माखून आलेल्या माणसाची कसलीच टेस्ट झालेली नसते. लाल खुणेने आपलं रक्षण होत नाही, उलट जिथे खूण नाही तिथे आपण गाफील राहतो. मी बघितलं आहे, खूण नसलेल्या खाटेवर मोजे न घालता सलाईन लावणारे तेच हात.

माझ्या इंटर्नशिपमध्ये आमच्या युनिटला एक बाई दाखल झाल्या. दिंडोरी रस्त्यावरच्या एका गावच्या, चाळिशीच्या आतल्या. त्यांची ओळख पटेल असे काही तपशील मी बदलले आहेत, बोलणं मात्र त्यांचंच आहे. ताप, खोकला, वजन उतरलेलं आणि उजव्या फुप्फुसाच्या आवरणात पाणी. नवरा काही वर्षांपूर्वी गेलेला. त्या सासरीच राहतात, वाट्याला आलेल्या तुकड्यावर मेथी-कोथिंबीर करतात आणि बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात विकायला बसतात. एचआयव्ही असल्याचं त्यांना पूर्वीच कळलेलं होतं. त्यांच्या गोळ्या सुरू होत्या आणि त्या ठणठणीत होत्या. मग मधेच गोळ्या सुटल्या.

केसपेपरवर आम्ही एका ओळीत लिहिलं: औषध घेण्यात अनियमितता. त्या ओळीत काय काय दडलेलं असतं ते मला त्यांच्याजवळ बसल्यावर कळलं. तेव्हा वॉर्ड बऱ्यापैकी रिकामा होता आणि माझ्याकडे थोडा वेळ होता, म्हणून. एरवी कळलंही नसतं.

‘‘गोळ्या वाजतात ना मॅडम बाटलीत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पिशवी नुसती उचलली तरी खुळखुळ होते. मग मी वरून कापूस दाबून भरते.’’

बाटलीचं लेबल त्या पाण्यात भिजवून खरवडून काढायच्या. बाटली ज्वारीच्या कणगीमागे ठेवायची. गोळी रात्री सगळे निजल्यावर, पाण्याचा तांब्या हातात घेऊन, जणू तहान लागली म्हणून उठले अशी. आम्ही त्यांना सुचवलं होतं की तालुक्याच्या ठिकाणी गोळ्या मिळायची सोय होते का बघू, नाशिकची खेप वाचेल. त्या ठाम नाही म्हणाल्या. तिथल्या सरकारी दवाखान्यात त्यांच्या सासरच्या भावकीतला एक जण कामाला आहे. एसटीचं भाडं परवडलं, पण त्याची नजर नको.

मग गावाकडे दिराच्या मुलीचं लग्न निघालं. पाहुण्यांनी घर भरलं, अंगणात, ओट्यावर, स्वयंपाकघरात माणसं झोपलेली. आडोसाच राहिला नाही. ‘‘खाडा पडला. लग्न उरकलं, पण मग वाटलं, आता गेले तर तिथल्या मॅडम रागावतील. एवढे दिवस काय करत होतात म्हणतील. आज जाते, उद्या जाते करत राहिलं ते राहिलंच.’’

गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू रक्तात पुन्हा वाढायला लागतो, सीडीफोर पेशी, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी, उतरत जातात, आणि आपल्याकडे अशा शरीरात टीबी लवकर शिरतो. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मृत्यूंमागे जगभर सगळ्यात मोठं कारण टीबीच आहे. आम्ही पाणी काढून तपासायला पाठवलं, टीबीच होता. त्याचा शोध मागे मागे नेत गेले तर मी पोहोचत होते ती कापसाच्या बोळ्यापाशी, भावकीतल्या त्या माणसापाशी आणि आमच्याच रागावण्याच्या भीतीपाशी. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून आहे: बदनामी हे आजाराचं कारण आहे. सीडीफोरइतकंच ते विचारलं गेलं पाहिजे. गोळी कुठे ठेवता, घरात कुणाला माहीत आहे, पाहुणे आले की काय करता, हे प्रश्न हिस्टरीतच असायला हवेत. ‘कुठून झालं’ हा प्रश्न मात्र उपचाराला लागतो त्यापलीकडे कुणी विचारू नये. मी त्यांना तो विचारला नाही.

आमच्या युनिटच्या मॅडम राउंडला आल्या तेव्हा रेसिडेंटने ती अनियमिततेची ओळ वाचून दाखवली. मॅडम स्टूल ओढून खाटेच्या उशाशी बसल्या. आम्हाला म्हणाल्या, ‘‘तिला रागवायचं नाही. परत आली ना? तेवढं बघा.’’ मग आम्हा सगळ्यांना दोन खाटा मागे पाठवून त्या बाईंशी हळू आवाजात बोलत बसल्या. दुपारी खाटेच्या डोक्याशी लटकवलेली लाल पट्टी त्यांनी सिस्टरला सांगून काढवली. भाषण नाही, नोटीस नाही.

मॅडमनी ते जुने दिवस पाहिलेले. भारतात पहिले रुग्ण १९८६ साली चेन्नईत सापडले, डॉ. सुनिती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून. आमच्यासारखीच एक विद्यार्थिनी होती ती, प्रबंधासाठी रक्ताचे नमुने गोळा करत होती. १९९६च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार आला, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. २००१मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने तसाच तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला, आणि १ एप्रिल २००४ला सरकारी केंद्रांवर तो मोफत मिळू लागला. त्याआधीची वर्षं मॅडम थोडक्यात सांगतात. माणसं दाखल करून नातेवाईक निघून जायचे, दिलेला पत्ता खोटा निघायचा, आणि डॉक्टरांकडे द्यायला तोंडातल्या बुरशीच्या औषधापलीकडे फार काही नसायचं. आज दिवसाला एक गोळी आहे, फुकट आहे, ती नेमाने घेतली तर माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. एवढं हातात असताना बाटलीच्या आवाजापायी कुणी फुप्फुसात पाणी घेऊन यावं, हे मला अजूनही सहन होत नाही.

सासूबाई रोज डबा घेऊन यायच्या. एके दिवशी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. ‘‘खरं सांगा डॉक्टरीणबाई, काय झालंय तिला? सगळे गप गप का असत्यात?’’ म्हाताऱ्या बाईंच्या डोळ्यांत काळजी होती, आणि थोडा संशयही. खोटं बोलायचं नव्हतं, आणि जे माझं नाही ते सांगायचंही नव्हतं. मी म्हटलं, ‘‘फुप्फुसाच्या बाजूला टीबीचं पाणी झालंय. औषध सुरू केलंय, सहा महिने चुकवायचं नाही. घरातल्या लहान मुलांची तपासणी करून घ्या. बाकी काही विचारायचं असेल तर त्यांच्यासमोरच बोलू.’’ यातला शब्द न् शब्द खरा होता. सासूबाईंनी मान हलवली आणि टीबीच्या पथ्याचं विचारलं. २०१९पासून आमच्या अभ्यासक्रमात एटकॉम आलं आहे: वृत्ती, नीतिमत्ता, संवाद. चांगलं आहे. पण व्हरांड्यातलं हे वाक्य मी त्या वर्गात शिकले नव्हते. ते मॅडम नातेवाइकांशी बोलताना बाजूला उभी राहून उचललेलं आहे.

त्याच महिन्यात माझ्या रूममेटला कॅज्युअल्टीत सुई टोचली. रात्रीची वेळ, मुंबई-आग्रा महामार्गावरचा अपघात, धडपडणारा पेशंट. त्याची एचआयव्हीची टेस्ट रिएक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह, आली. अशा वेळी पेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून द्यायचं औषध, लगेच सुरू करायचं असतं, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नसतो, आणि २८ दिवस रोज एक गोळी. हे सगळं तिला माझ्याइतकंच पाठ होतं. धोका किती कमी आहे तेही. औषध वेळेत सुरू झालं. पण ती रडली ती मेसमध्ये कुणाला कळू नये म्हणून. सातपूरला तिचं घर, आई दर रविवारी डबा घेऊन यायची. आईला सांगायचं नाही, लग्नाचं बघणं चालू आहे, एक शब्द बाहेर गेला तर संपलं, असं ती म्हणत होती. दुसऱ्या दिवशी बघते तर तिने गोळ्या मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीत ओतून ठेवलेल्या.

टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविर, ही तीन औषधं एका गोळीत. वॉर्डातल्या त्या बाईंची आणि हिची गोळी एकच होती. एक सातवी शिकलेली, दुसरी डॉक्टर व्हायला आलेली. रूममेटचे सगळे रिपोर्ट पुढे निगेटिव्ह आले. पण तो महिनाभर होस्टेलच्या जिन्यात तिला बघून थांबणारं बोलणं मी ऐकलं आहे. ती आता रुग्णांच्या खाटेपाशी जास्त वेळ थांबते. हे असं टोचल्याशिवाय कळू नये, एवढी माझी इच्छा आहे.

सर्जरीच्या पोस्टिंगला एक गोष्ट फार खटकली. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांच्या यादीत हिमोग्लोबिन, साखर यांच्याबरोबर एचआयव्हीही सर्रास लिहिलेलं असतं, आणि रुग्णाला कुणी एका शब्दाने विचारत नाही. रिपोर्ट आला की तो रुग्णाच्या आधी सगळ्या वॉर्डाला कळतो. २०१७चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. नीट समजावून घेतलेल्या संमतीशिवाय टेस्ट नाही, परवानगीवाचून कुणाला सांगणं नाही, उपचार नाकारणं नाही, नोकरीवरून काढणं नाही. कर्मचाऱ्यांना सुरक्षिततेची साधनं आणि गरज पडल्यास पेप मिळायला हवं, हेही त्याच कायद्यात आहे. या कायद्यामागे माणसं आहेत. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला, रक्तदानातून त्याचा एचआयव्ही कळल्यावर, पोलिसांनी नेऊन म्हापशात जुन्या टीबी रुग्णालयाच्या इमारतीत दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवलं होतं. १९९७ साली एका रोजंदारी कामगाराने नाव झाकून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि काम करायला धडधाकट असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून दूर ठेवता येणार नाही, असा निकाल मिळवला. परीक्षेला हा कायदा शॉर्ट नोटला येतो. आठवडाभर आम्ही तिघी इंटर्ननी ठरवून प्रत्येक रुग्णाला टेस्टआधी विचारलं. वेळ जास्त लागला, रेसिडेंट वैतागले. नकार मात्र जवळपास कुणीच दिला नाही. विचारलं की लोक हो म्हणतात.

आणखी एक गोष्ट आपण पुरेशा मोठ्याने सांगत नाही. नेमाने गोळ्या घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, मोजता न येण्याइतका खाली आला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. मोठ्या अभ्यासांतून हे सिद्ध झालेलं आहे. आईने वेळेत औषध घेतलं आणि बाळाला जन्मल्यावर औषध दिलं, तर बाळाला लागण होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. उपचारच नसेल तर ती १५ ते ४५ टक्के असते. समुपदेशनाच्या खोलीबाहेर बसलेलं एक तरुण जोडपं मला आठवतं, त्याला एचआयव्ही, तिला नाही. मूल होऊ शकतं हे ऐकल्यावर तिने नवऱ्याचा हात सगळ्यांसमोर धरला. एवढी मोठी बातमी सगळ्या आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर ठळक अक्षरांत असायला हवी.

त्या बाईंना डिस्चार्ज द्यायची वेळ आली. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे डोल्युटेग्राविरचं रक्तातलं प्रमाण उतरतं, म्हणून टीबीचा उपचार चालू असेपर्यंत त्याची आणखी एक गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. म्हणजे लपवायची एक गोळी होती, त्याच्या दोन झाल्या. आणि डिस्चार्ज कार्ड? गावातल्या आरोग्य केंद्रात ते दाखवावं लागणार, घरात दहा जण हाताळणार. पण पुढच्या डॉक्टरला सगळं कळलंही पाहिजे, नाहीतर एखादं औषध दुसऱ्याशी भांडेल. मॅडमनी निदानाच्या रकान्यात टीबी लिहिला आणि खाली सगळ्या औषधांची पूर्ण नावं, मात्रेसह. कुठल्याही डॉक्टरला त्यावरून काय ते समजतं, घरच्यांना नुसतीच गोळ्यांची यादी दिसते. असं लिहिलं तर चालेल का, हे आधी त्यांनी बाईंनाच विचारलं.

गोळ्यांच्या वेळेचा प्रश्न बाईंनी स्वतःच सोडवला. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला त्या म्हशीची धार काढायला गोठ्यात जातात, तिथे दुसरं कुणी येत नाही. बाटली आता कणगीमागे नको, गोठ्यात पेंडीच्या डब्यात, झाकण घट्ट लावून. एआरटी केंद्राची, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथली, तारीख मंगळवारची पडली होती. मंगळवारी नाशिकला कशाला, म्हणून घरी विचारतील, असं त्या म्हणाल्या. मॅडमनी तिथल्या समुपदेशक ताईंना फोन करून ती बुधवारची करून घेतली. बुधवारी त्या तशाही गोदाघाटावर असतात. भाजी बरीचशी खपली की पाटी शेजारणीकडे सोपवायची, रविवार कारंज्यावरून चालत जायचं, गोळ्या पिशवीत टाकायच्या आणि परत येऊन बसायचं.

पहिल्या बुधवारी त्या आल्या, पुढच्या महिन्यातही. वजन दोन किलोने वाढलंय. व्हायरल लोडचा नमुना द्राक्षछाटणीच्या कामांआधी पाठवायचा आहे, तोही बुधवारीच.